पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर : लस आहे, तपासणी आहे, तरी बायकांचा जीव का जातो?

२ फेब्रुवारी २०२४. एका मॉडेल-अभिनेत्रीच्या इन्स्टाग्राम अकाउंटवर पोस्ट पडली की सर्व्हायकल कॅन्सरमुळे तिचं निधन झालं. दिवसभर सगळ्यांच्या फोनवर तेच. दुसऱ्या दिवशी तिनेच व्हिडिओ टाकला की आपण जिवंत आहोत आणि लोकांचं या आजाराकडे लक्ष जावं म्हणून हे केलं. मग शिव्याशाप झाले, मीम झाले, विषय संपला.

या सगळ्याच्या आदल्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अंतरिम अर्थसंकल्पाच्या भाषणात ९ ते १४ वर्षांच्या मुलींना या कॅन्सरविरुद्धची लस देण्यास प्रोत्साहन देऊ, असं सांगितलं होतं. त्या गदारोळात ती ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटली. आणि हा कॅन्सर नेमका कशाने होतो, तो कसा टाळायचा, हे तर बाजूलाच राहिलं.

गर्भाशयाला आपल्याकडे बोलीत ‘पिशवी’ म्हणतात. ही पिशवी खाली जिथे योनिमार्गात उघडते, ते तिचं तोंड, म्हणजे गर्भाशयमुख. तिथला कॅन्सर तो सर्व्हायकल कॅन्सर. भारतातल्या बायकांमध्ये स्तनांच्या कॅन्सरनंतर याचाच नंबर लागतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना तो झाला आणि जवळपास ८० हजार दगावल्या. हिशोब मांडला तर दर सहा-सात मिनिटांना एक मृत्यू.

यातली चीड आणणारी गोष्ट अशी की बहुतेक कॅन्सरच्या बाबतीत ‘का झाला’ याचं ठाम उत्तर डॉक्टरांकडे नसतं. इथे आहे. आणि तो होण्याआधी थांबवायला पंधरा-वीस वर्षांची सवडही मिळते.

कारण एक व्हायरस

ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही. याचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. बहुतेक निरुपद्रवी. काहींमुळे हातापायांवर चामखीळ येते, काहींमुळे गुप्तांगावर. डझनभर प्रकार मात्र कॅन्सरपर्यंत नेऊ शकतात आणि त्यातही १६ आणि १८ नंबरचे सगळ्यात वाईट. जगातल्या या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात.

जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या गाठींमध्ये हे दोन प्रकार शोधून काढले. तोपर्यंत बऱ्याच शास्त्रज्ञांचा संशय नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस व्हायरसवर होता. त्सुर हाउझेन वेगळं म्हणत होते आणि त्यांचंच बरोबर निघालं. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

हा व्हायरस शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून पसरतो. कंडोमने धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही, कारण कंडोमने झाकलेल्या भागाबाहेरही तो असू शकतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होऊन जातो. लग्नाच्या जोडीदाराशिवाय कुणाशी संबंध न आलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. पुरुषांनाही होतो आणि त्यांना बहुधा पत्तासुद्धा लागत नाही. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ आलं, तर व्हायरस कधी आला, कुणाकडून आला, हे त्यातून कळत नाही. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. हा रिपोर्ट हातात घेऊन घरात चारित्र्याची चौकशी करण्याला काडीचाही शास्त्रीय आधार नाही.

दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून हा व्हायरस एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ना औषध लागतं, ना त्रास होतो. उरलेल्या थोड्या जणींच्या शरीरात तो मुक्काम ठोकतो आणि गर्भाशयमुखावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. हा बदल म्हणजे कॅन्सर नव्हे, कॅन्सरच्या आधीची पायरी. तिथून खऱ्या कॅन्सरपर्यंत जायला साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. एचआयव्ही असलेल्या बाईच्या शरीरात हेच पाच-दहा वर्षांत होऊ शकतं आणि तिला धोकाही सुमारे सहापट असतो. बिडी-सिगारेटनेही धोका वाढतो.

या मधल्या वर्षांत काहीच दुखत नाही. काहीच दिसत नाही. लक्षणं सुरू होतात तेव्हा बहुतेकदा कॅन्सर झालेला असतो: संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये अंगावरून जाणं, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं, ओटीपोटात सतत दुखणं. यातलं शेवटून तिसरं, म्हणजे पाळी गेल्यानंतरचं रक्त, अनेक घरांत ‘उष्णता वाढली’ म्हणून सोडून दिलं जातं. तसं सोडू नये. एक डाग दिसला तरी डॉक्टरांकडे जावं.

बार्शी आणि धाराशिवनं जगाला काय शिकवलं

तपासणीचा विषय निघाला की लोकांना मोठी शहरं, मोठी यंत्रं आठवतात. प्रत्यक्षात या विषयावरचा जगातला एक फार महत्त्वाचा पुरावा मराठवाड्याच्या खेड्यांतून आला आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. त्याच्या आधाराने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरून कॅन्सरच्या नोंदी ठेवायचे आणि जाता जाता लोकांना लक्षणं सांगायचे. एवढ्या साध्या सांगण्यानेसुद्धा बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या, असं नोंदींतून दिसलं.

मग १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. गावांचे ५२ गट केले आणि ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांना चार भागांत विभागलं. एका भागात एचपीव्हीची टेस्ट, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या भागात नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे वेगळी तपासणी नाही. प्रत्येकीची तपासणी फक्त एकदा. पुढे आठ वर्षं पाठपुरावा.

निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी न झालेल्या भागात या कॅन्सरने ६४ मृत्यू झाले होते. एचपीव्ही टेस्ट झालेल्या भागात बायका थोड्या जास्तच होत्या, तरी मृत्यू ३४. आयुष्यात एकदा केलेल्या एका टेस्टने मृत्यू जवळपास निम्मे केले. पॅप स्मिअर आणि व्हिनेगर टेस्ट एकदाच करून मात्र मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह आलेल्या बायकांच्या तुलनेत बाकी दोन टेस्टमध्ये निगेटिव्ह आलेल्यांत पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण चौपटीहून जास्त होतं. थोडक्यात, एचपीव्ही टेस्ट ‘काही नाही’ म्हणाली, तर त्यावर वर्षानुवर्षं विसंबता येतं.

या अभ्यासावर टीकाही झाली. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, हा प्रश्न विचारला गेला आणि तो बिनबुडाचा नव्हता. संशोधकांचं उत्तर होतं की त्या काळी तिथे तपासणीची सोयच नव्हती, म्हणजे जे होतं तेच त्यांना मिळालं. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. ते ऐकायला मात्र बरं वाटत नाही.

दुसरा अभ्यास मुंबईचा. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाखांवर बायकांवर केलेला. इथे ना लॅब, ना डॉक्टर. दहावीपर्यंत शिकलेल्या, बोलक्या स्थानिक बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. त्या वस्तीतच तपासणी करायच्या, दर दोन वर्षांनी, चार वेळा. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि टॉर्चच्या उजेडात पाहायचं. पेशी बिघडल्या असतील तर तो भाग पांढरा पडतो. एवढंच. बारा वर्षांनंतर दिसलं की तपासणी झालेल्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ मध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी हे निष्कर्ष अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या सर्वांत मोठ्या परिषदेत मांडले.

दोन अभ्यास एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं. व्हिनेगर टेस्ट स्वस्त आहे, पण ती पुन्हा पुन्हा करावी लागते. एचपीव्ही टेस्ट महाग आहे, पण क्वचित केली तरी पुरते.

मग आपल्याकडे किती जणींची तपासणी होते?

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधी तरी झाली आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा पूर्ण नाहीत. जो पुरावा जगभर वापरला जातो तो जिथून आला, त्या देशातली ही अवस्था.

कागदावर सोय नाही असं नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी व्हिनेगर टेस्ट व्हायला हवी आणि ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहे. अडचण दुसरीकडे आहे. दुखत नसताना तपासून घ्यायला जायचं, तेही ‘तिथलं’, ही कल्पनाच अनेकींना पटत नाही. मजुरी बुडते. केंद्रात आडोसा नसतो. तपासणारा पुरुष असेल ही धास्ती असते. आणि ‘काही निघालं तर?’ ही भीती सगळ्यांवर मात करते.

ही भीती पैशांत बदलणारेही आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली, त्यात कितीतरी ऐन तिशी-चाळिशीतल्या. अंगावर पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलेल्या बायकांना ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितल्याच्या तक्रारी त्या वेळी पुढे आल्या. पांढरं पाणी बहुतेकदा साध्या जंतुसंसर्गाने जातं आणि गोळ्यांनी बरं होतं. कॅन्सरची शंका असेल तर आधी टेस्ट, मग गरज पडली तर तुकडा काढून तपासणी. त्या रिपोर्टशिवाय ‘कॅन्सर टाळायला’ पिशवी काढायचा सल्ला कुणी दिला, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायलाच हवं.

तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे मोठं ऑपरेशन, हाही असाच गैरसमज. पेशी बिघडलेला भाग गोठवून किंवा तापवून नष्ट करता येतो. काही मिनिटांचं काम, भरती व्हावं लागत नाही. भाग मोठा असेल तर विजेच्या तारेच्या बारीक कडीने तेवढाच तुकडा काढतात. पिशवी जागेवर राहते. नंतर मूलही होऊ शकतं.

लस : कुणाला, कधी, किती

लस व्हायरस शिरण्याआधी काम करते. आत असलेला व्हायरस ती बाहेर काढत नाही. म्हणूनच ती लहान वयात, शरीरसंबंध सुरू होण्याच्या कितीतरी आधी द्यायची. ‘एवढ्याशा पोरीला कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर हेच. शिवाय या वयात शरीर लशीला जास्त जोरदार प्रतिसाद देतं.

लशीत जिवंत व्हायरस नसतो, मेलेलाही नसतो. व्हायरसच्या बाहेरच्या कवचासारखं दिसणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं पोकळ प्रथिन तेवढं असतं. त्यातून एचपीव्ही होणं शक्य नाही. दंड दुखणं, थोडा ताप, कधी चक्कर हे त्रास होतात. चक्कर बहुधा सुईच्या भीतीने येते, म्हणून लस घेतल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. लशीने मूल होत नाही, हा व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा खोटा आहे.

अमेरिकेत पहिली लस २००६ मध्ये आली. भारतात २००८ पासून परदेशी लशी मिळू लागल्या, पण त्या महाग. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आणली गेली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते आणि मुलग्यांनाही देता येते. नऊ प्रकारांवर चालणारी परदेशी लसही मिळते, तिची किंमत कितीतरी जास्त.

देशी लशीच्या वेळापत्रकात ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ ते २६ वयात तीन डोस आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयासाठी एक डोसही चालेल, असं सांगितलं. एचआयव्ही किंवा इतर कारणाने प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना निदान दोन, शक्यतो तीन. विशी-पंचविशी ओलांडलेल्या, लग्न झालेल्या बायकांनाही लस घेता येते, पण फायदा वयाप्रमाणे कमी होत जातो. तिशीच्या पुढे पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर ते तपासणीवर करावेत.

एका डोसच्या निर्णयामागे जो पुरावा आहे, त्याची गोष्ट विचित्र आहे आणि तीही भारतातली.

२०१० मध्ये नेमकं काय झालं होतं

‘या लशीने सात मुली मेल्या’ असा मेसेज दर काही महिन्यांनी फिरतो. तो पूर्ण बनावट नाही, अर्धवट आहे.

२००९ मध्ये पाथ या अमेरिकी संस्थेने सरकारी यंत्रणेसोबत आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात सुमारे २४ हजार मुलींना ही लस दिली. त्यानंतरच्या काळात त्यांपैकी सात मुलींचा मृत्यू झाला. बातम्या आल्या, आंदोलनं झाली, एप्रिल २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला. चौकशी समितीला आढळलेली कारणं अशी होती: साप चावणं, पाण्यात बुडणं, कीटकनाशक पोटात जाणं, ताप. लशीशी संबंध असण्याची शक्यता समितीला दिसली नाही.

पण समितीला दुसरंच काही सापडलं. खम्ममच्या आश्रमशाळांमध्ये कितीतरी संमतीपत्रांवर पालकांच्या नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. आदिवासी मुलींच्या आई-बापांना काय टोचलं जातंय हे धड सांगितलंच नव्हतं. २०१३ मध्ये संसदीय समितीनेही यावर कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष ठरली, देण्याची पद्धत दोषी ठरली. लोकांच्या मनात दोन्ही एकत्र झालं आणि त्याची किंमत पुढे दहा-बारा वर्षं मोजावी लागली.

त्याच वेळी देशात एक वेगळा, स्वतंत्र अभ्यासही चालू होता: मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात? त्याच्या केंद्रांमध्ये बार्शी आणि पुणेही होतं. २०१० च्या बंदीमुळे तोही मध्येच अडकला आणि जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये, सुमारे नऊ वर्षांच्या नोंदींनंतर दिसलं की १६ आणि १८ नंबरचा व्हायरस शरीरात टिकून राहण्यापासून एका डोसने दिलेलं संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे दोन किंवा तीन डोसइतकंच. अडखळलेल्या अभ्यासातून निघालेल्या या निष्कर्षाने गरीब देशांचा लशीचा खर्च निम्म्यावर आणण्याची वाट मोकळी केली.

लशीमुळे प्रत्यक्ष कॅन्सर कमी होतो का, याचंही उत्तर आता आहे. स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यात या कॅन्सरचा एकही रुग्ण सापडला नाही, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. उलट टोकाला जपान. तिथे २०१३ मध्ये दुष्परिणामांच्या बातम्यांमुळे सरकारने लशीची शिफारस करणं थांबवलं आणि ७० टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण एका टक्क्याच्या खाली आलं. शिफारस पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. आपल्याकडे सिक्कीमने २०१८ मध्ये राज्यभर मोहीम राबवली. आधी शिक्षक, पालक, पत्रकार, सगळ्यांशी बोलून घेतलं आणि मग लस दिली. ९५ टक्क्यांहून जास्त मुलींनी ती घेतली.

तपासणीला जाताना

लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी सुटत नाही, कारण लस सगळ्याच धोकादायक प्रकारांवर चालत नाही. पॅप स्मिअर असेल तर दर तीन वर्षांनी, एचपीव्ही टेस्ट असेल तर पाच ते दहा वर्षांनी. एचआयव्ही असेल तर २५ व्या वर्षापासून आणि जास्त वेळा. दर पाच-दहा वर्षांनी जमणार नसेल तर निदान ३५ च्या आत एकदा आणि ४५ च्या आत पुन्हा एकदा, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०३० च्या उद्दिष्टातली किमान अपेक्षा आहे.

पाळी चालू असताना टेस्ट करत नाहीत. आदल्या एक-दोन दिवसांत संबंध आणि योनीत ठेवायचं औषध टाळावं. तपासणीला पाच-दहा मिनिटं लागतात, थोडं अवघडल्यासारखं होतं, सहसा दुखत नाही. बाई डॉक्टर किंवा नर्स हवी असं सांगण्याचा प्रत्येकीला हक्क आहे. एचपीव्ही टेस्टसाठी तर नमुना स्वतःचा स्वतःही घेता येतो. मऊ ब्रश आत फिरवून डबीत ठेवायचा, आडोशाला जाऊन, कुणी न बघता. ही सोय अजून सगळीकडे पोचलेली नाही, पण लाजेपोटी टाळणाऱ्या बायकांसाठी ती सगळ्यात उपयोगी ठरेल, असं अनेक तज्ज्ञांना वाटतं.

गावात चौकशी करायची तर आशाताई किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे. तपासणी कोणत्या वारी असते, पॉझिटिव्ह आल्यास पुढे ग्रामीण रुग्णालयात जायचं की जिल्हा रुग्णालयात, हे त्याच वेळी विचारून घ्यावं आणि रिपोर्टचा कागद जपून ठेवावा. पुढच्या वेळी डॉक्टर तोच आधी मागतात.